खडा नेमका कशाचा?

मी शिरगावहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक.

बैठकीत पित्ताच्या खड्यांचा विषय निघाला की कुणीतरी पानफुटीचा पाला सुचवतंच. तो मुतखड्यावर सांगतात. पण मुतखडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. पित्ताच्या पिशवीतला खडा कोलेस्टेरॉलचा, पिवळसर. नाहीतर पित्तातल्या रंगद्रव्याचा, काळा किंवा तपकिरी. दोन्हींना आपण खडाच म्हणतो, तिथंच घोळ होतो.

सोनोग्राफीत खडा पांढरा चमकतो आणि मागे काळी सावली पडते. खडा आहे हे कळतं, कशाचा ते नाही. साध्या एक्स-रेत तर बहुतेक पित्तखडे दिसतच नाहीत. ज्यात कॅल्शियम भरपूर तोच दिसतो. तेव्हा एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त राहू नका.

बाहेर काढलेल्या खड्याची पूड करून प्रयोगशाळेत त्यावर इन्फ्रारेड किरण सोडतात. प्रत्येक पदार्थ आपले ठरावीक किरण शोषतो, त्यावरून तो ओळखू येतो. दुसऱ्या पद्धतीत लेसरचा प्रकाश टाकतात. ती आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधावर चालते.

आता हे ऐका. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचा उपाय मोबाईलवर फिरतो. न्यूझीलंडमधल्या एका बाईंनी तो केला, शौचातून हिरवे गोळे पडले. त्यांनी ते जपून डॉक्टरांकडे नेले, हे फार बरं केलं. तपासलं तर त्यात ना कोलेस्टेरॉल, ना पित्ताचं रंगद्रव्य, ना कॅल्शियम! चाळीस अंशांवर गोळे वितळले. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता. २००५ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाईंचे खरे खडे शेवटी दुर्बिणीच्या ऑपरेशननेच निघाले.

कोलेस्टेरॉलचे काही लहान खडे डॉक्टरांच्या गोळीने, बरेच महिने घेतल्यावर, विरघळू शकतात. काळ्या खड्यावर ती गोळी चालत नाही. आणि काहीच त्रास नसेल तर बऱ्याचदा ऑपरेशनही लागत नाही, तसं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ऑपरेशननंतर डबीत खडे हाती देतात. पिशवीच काढली असेल तर ते तपासायला सहसा वेगळा खर्च करायची गरज नसते.

मात्र उजव्या बरगडीखाली दुखणं थांबत नसेल, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर काढा उकळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.