कात्रणकामांतील शेवटचा हात

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत घरोघरीं जीं हातकामें निघतात, त्यांत कागदी कात्रणांच्या सजावटीचें काम मुलामाणसांना फार आवडतें. रंगीत कागदांवरील फुलें, पक्षी, जुन्या दिनदर्शिकांतील चित्रें कात्रीनें नेटकीं कापावयाचीं, तीं लाकडी तबकावर, डब्यावर अथवा बाटलीवर चिकटवावयाचीं, आणि वरून पारदर्शक लेपाचे हात देऊन तीं जणूं त्या वस्तूवरच रंगविलेलीं आहेत असें भासवावयाचें, हा या कलेचा सारांश. कापून काढणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हिला डेकूपाज असें नांव पडलें आहे. कापणें लहान मुलांनाही जमतें. चिकटविण्याचें कौशल्य चार दिवसांत अंगीं येतें. काम फसतें तें बहुधा शेवटीं, वरचा लेप निवडतांना.

अशी कल्पना करावी कीं, एका नातीनें आजीच्या पंच्याहत्तरीनिमित्त एक तबक सजविलें. मध्यभागीं आजी-आजोबांच्या लग्नाचें, घरांत असलेलें एकुलतें एक छायाचित्र लाविलें, भोंवतीं फुलांची वेल काढली, आणि दुकानांत जो गोंद सर्वांत चकचकीत दिसला त्याचे दोन हात वरून दिले. तिसऱ्या दिवशीं त्याच तबकांतून चहा आला. ऊन पेला तबकाला चिकटून बसला, आणि तो उचलतांच लेपाबरोबर आजोबांच्या चेहऱ्याचा कागदही निघून आला. गोंद खोटा नव्हता, मुलीच्या कष्टांतही उणें नव्हतें. ही वस्तु उद्यां कोठें राहणार आणि तिला काय सोसावें लागणार, हा प्रश्न मात्र बाटली घेतांना कोणी विचारला नाहीं.

जुन्या कारागिरांचें काम पाहिलें म्हणजे त्यांनीं हा प्रश्न आधीं विचारला होता असें दिसतें. अठराव्या शतकांत चीन-जपानकडील लाखकामाचें सामान युरोपांत फार महाग पडे. तेव्हां व्हेनिसच्या कारागिरांनीं छापील चित्रें रंगवून, कापून कपाटा-टेबलांवर चिकटविलीं आणि त्यांवर सँडरॅक नांवाच्या राळेच्या रोगणाचे अनेक हात दिले. या कामास गरिबांची लाख असें म्हणत. कपाटाला रोज हात लागतो, म्हणून तेथें रोगणाचा जाड थर हवा होता. उलट, इंग्लंडांतील मेरी डिलेनी या बाईंनीं वयाची सत्तरी उलटल्यावर कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलांचीं सुमारें एक हजार चित्रें केलीं. तीं आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. तीं पुस्तकांत ठेवावयाचीं असल्यामुळें त्यांना रोगणाच्या कवचाची गरज नव्हती.

आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा हेंही याचेंच उदाहरण होय. गंजिफाच्या गोल पानांना चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देतात, त्यावर चित्र रंगवितात आणि शेवटीं लाखेचा हात देतात. पानें पिसावयाचीं, वांटावयाचीं, हातांत खेळवावयाचीं. तीं गुळगुळीत आणि टणक हवींत. म्हणून तेथें लाख शोभते आणि टिकतेही.

आजच्या घरगुती कामांत बहुधा पांढरा, दुधासारखा गोंद वापरतात. त्याचें मूळ पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या द्रव्यांत आहे. तें १९१२ मध्यें जर्मनींत फ्रिट्झ क्लाटे या रसायनशास्त्रज्ञानें शोधलें. आपल्या घरोघरीं परिचित असलेला फेव्हिकोल १९५९ मध्यें बाजारांत आला, तो याच कुळांतला. अमेरिकेंत १९६० च्या दशकांत जॅन वेट्स्टोन या बाईंनीं मॉड पॉज नांवाचें मिश्रण तयार केलें. चिकटविणें आणि वरून लेप देणें हीं दोन्हीं कामें एकाच बाटलींतून व्हावींत हा त्याचा हेतु. या सोयीमुळें कला सोपी झाली, पण दोन निरनिराळीं कामें एकच आहेत असा भ्रमही तिच्यामुळेंच पसरला. चिकटविणारा थर कागदाला धरून ठेवतो. वरच्या थराला पाणी, ऊब, धूळ आणि घर्षण सोसावें लागतें. एका गुणावरून दुसऱ्याची खात्री देतां येत नाहीं.

बाटल्यांवर ग्लॉस, मॅट आणि सॅटिन असे तीन शब्द आढळतात. ग्लॉसचा थर सुकल्यावर आरशासारखा सपाट होतो, प्रकाश एकाच दिशेला परततो, म्हणून काळे, निळे, तांबडे रंग खोल आणि ओले दिसतात. परंतु तोच सपाटपणा कागदाची प्रत्येक सुरकुती, अडकलेला हवेचा फुगा आणि कुंचल्याची रेघही दाखवितो. मॅटमध्यें बहुधा सिलिकेची अत्यंत बारीक पूड असते. ती पृष्ठभाग किंचित् खडबडीत करून प्रकाश चहूंकडे पसरविते. त्यामुळें दोष झांकतात, जुन्या चित्राचा जुनेपणा शोभतो, आणि दिव्याखालीं डोळे दिपत नाहींत. मात्र या पुडीचे थरावर थर चढले म्हणजे गडद रंगांवर धुरकट पडदा आल्यासारखें वाटतें. सॅटिन या दोहोंच्या मधला. जेथें निर्णय होत नाहीं तेथें तो सहसा फसवीत नाहीं.

यावरून कसबी लोक एक युक्ति वापरतात. खालचे सर्व हात ग्लॉसचे देतात आणि केवळ शेवटचा हात मॅटचा देतात. चित्र स्वच्छ राहतें आणि चकाकी मावळते. घरीं हें सहज करून पाहतां येईल. त्याच कागदाचे तीन तुकडे एका फळकुटावर चिकटवावे, तिन्हींवर तीन तऱ्हांचे लेप द्यावे आणि दुसऱ्या दिवशीं उजेडांत व दिव्याखालीं पाहावे. छापील कागदाचा रंग फुटतो कीं काय, हेंही तेव्हांच कळतें. शाईचा फवारा मारणाऱ्या छापयंत्रावरील चित्र ओल्या गोंदानें पुष्कळदां फुटतें. लेसर यंत्रावरील चित्र त्या मानानें टिकतें.

आतां चकाकीहून अधिक महत्त्वाची गोष्ट. साधा पांढरा गोंद सुकल्यावरही पाण्याला पुरा दाद देत नाहीं असें नाहीं. ओल लागली कीं तो पांढुरका होतो आणि उष्णतेनें मऊ पडतो. भिंतीवरच्या चौकटीला किंवा पेन्सिलींच्या डब्याला तो पुरेसा आहे. तबक, टेबल, खुर्ची यांच्यावर मात्र गोंद पूर्ण सुकल्यावर पाण्यांत मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन रोगणाचे दोन-तीन पातळ हात द्यावे. तेलाचें रोगणही टणक असतें, पण तें कालांतरानें पिवळें पडतें, म्हणून पांढऱ्या जमिनीच्या चित्रावर तें नको. सुताराचें चपड्याचें पॉलिश सुंदर दिसतें. तथापि ऊन पेल्यानें किंवा सांडलेल्या पाण्यानें त्यावर पांढरीं वर्तुळें उमटतात. ज्या ताटलींत खाद्यपदार्थ ठेवावयाचा, तिला वरून कोणताच लेप देऊं नये. ताटली काचेची असेल तर चित्र तिच्या पाठीमागें, दर्शनी बाजू काचेकडे करून चिकटवावें. चित्र दिसतें, आणि अन्नाला केवळ काच लागते. अशी ताटली पाण्यांत भिजत मात्र ठेवूं नये.

पावसाळ्यांत आणखी एक पथ्य पाळावें लागतें. हवा दमट असली कीं लेपांतील पाणी उडून जाण्यास फार वेळ लागतो. वर हात कोरडा लागतो आणि आंत थर ओलाच असतो. जाड एक हात देण्याऐवजीं पातळ चार द्यावे, आणि प्रत्येक हात पुरता सुकल्याखेरीज पुढचा देऊं नये. काम झालें तरी थर कठीण होण्यास सुमारें चार आठवडे लागूं शकतात. तोंवर त्यावर पेला, फुलदाणी किंवा दुसरा डबा ठेवूं नये. पुष्कळसे लेप वाईट म्हणून बदनाम होतात, ते खरोखर घाईचे बळी असतात.

पूर्वीच्या गृहिणी कणकेची खळ शिजवून तींत मोरचूद घालीत, तें कसर आणि किडा लागूं नये म्हणून. ती खळ आज अडगळींत पडली असली, तरी जुन्या कागदांचें जतन करणारे तज्ज्ञ गव्हाच्या सत्त्वाची शुद्ध खळ अजूनही वापरतात, कारण पाण्यानें हलकेंच भिजवून चिकटविलेला कागद पुन्हां सोडवितां येतो. पांढऱ्या गोंदाला ही मुभा फारशी नाहीं. तो एकदां बसला म्हणजे कागदाचा धागा न फाडतां निघणें कठीण.

म्हणून त्या नातीच्या तबकाकडे पुन्हां वळावें. तिनें मूळ छायाचित्राची लेसर यंत्रावर प्रत काढून घ्यावयास हवी होती आणि मूळ चित्र अल्बममध्यें जसेंच्या तसें ठेवावयास हवें होतें. प्रत चिकटवून गोंदाचे पातळ हात, त्यावर रोगणाचे दोन-तीन हात, आणि आजीच्या डोळ्यांना दिव्याची तिरीप लागूं नये म्हणून शेवटचा हात मॅट रोगणाचा. मग चार आठवड्यांची विश्रांति. पंच्याहत्तरीची तारीख ठरलेली असते, तेव्हां काम महिनाभर आधीं सुरू करावयास हवें होतें. तबक पुन्हां करतां येईल, दुसरी वेल कापतां येईल. पण फाटलेल्या मूळ चित्राला दुसरी प्रत नसते. बाटली हातांत घेण्यापूर्वीं एवढा विचार झाला, तर ऊन चहा त्या तबकांतून पुष्कळ वर्षें येत राहील.