त्या दिवशी मी रडले नव्हते

(कोपरखैरणे येथील वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय दिला आहे ‘माझं वाचन’. मी समीक्षक नाही. दिवसभर संगणकावर कोड लिहितो आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचतो. त्यामुळे जे बोलेन ते एका वाचकाचं मत समजा. पटलं नाही तर नंतर चहाच्या वेळी भांडू.

सुरुवात अलिबाबापासून करतो, कारण सध्या घरात त्याचंच राज्य आहे. मुलगी सात वर्षांची आहे. परवा गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, “अब्बा, पण अलिबाबानं केलं काय?” मी विचारात पडलो. दारावरची खडूची खूण ओळखून शेजारच्या दारांवर तशाच खुणा करणारी मर्जिना. बुधल्यांत लपलेल्या चोरांवर उकळतं तेल ओतणारी मर्जिना. नाचता नाचता खंजीर चालवणारीही तीच. अलिबाबानं एक परवलीचा शब्द चोरून ऐकला आणि सोनं घरी आणलं. तरी गोष्ट त्याच्या नावावर, आणि मर्जिनाला बक्षीस काय, तर घरातल्याच मुलाशी लग्न.

हल्ली परीकथा नव्यानं सांगायची लाट आहे. बहुतेक पुस्तकांत राजकन्येच्या हातात तलवार दिली की काम झालं असं समजतात. मला ती कंटाळवाणी वाटतात. मर्जिनाला तलवार द्यायची गरजच नाही, तिच्याकडे खंजीर पहिल्यापासून आहे. फक्त गोष्टीला तिचं नाव द्यायचं राहिलं आहे.

नाव राहून जाण्याचा हा प्रकार पुढे आणखी सापडला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. शीर्षकात ‘अरबी भाषेतील’ असलं तरी मराठीत हे इंग्रजीतून आलं. आणि अलिबाबा, अल्लाउद्दीन तर मूळच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हतेच. आंत्वान गालाँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं १७०४ पासून या गोष्टी फ्रेंचमध्ये आणल्या. हाताशी असलेलं हस्तलिखित संपलं, वाचक मात्र आणखी मागत होते. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला हन्ना दियाब नावाचा अलेप्पोचा तरुण भेटला. अलिबाबा आणि अल्लाउद्दीन त्यानं तोंडी सांगितले. छापील पुस्तकात त्याचं नाव आलं नाही.

मग आपल्याला हे कळलं कसं? गालाँ रोजनिशी लिहीत असे. कोण आलं, कोणती गोष्ट सांगितली, हे त्यानं त्यात टिपून ठेवलं. जे श्रेय त्यानं पुस्तकात दिलं नाही ते त्याच्या डायरीनं दिलं. आमच्या धंद्यात कोडची कुठली ओळ कुणी कधी बदलली याची नोंद आपोआप राहते, त्यामुळे मला हे वाचून फार मजा वाटली. दियाबला राजाच्या ग्रंथालयात नोकरीची आशा दाखवली होती, ती मिळाली नाही. तो अलेप्पोला परतला, कापडाचा व्यापार केला आणि म्हातारपणी आपल्या प्रवासाची हकिगत लिहिली. त्यात या गोष्टींचा उल्लेख जेमतेम काही ओळींचा आहे.

पण डायरी म्हणजे शंभर टक्के खरं, असंही मी म्हणणार नाही. अ‍ॅन फ्रँकची डायरी घ्या. मार्च १९४४ मध्ये तिनं रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या गोळा केल्या जाणार आहेत. त्यानंतर ती आपली डायरी स्वतःच पुन्हा लिहू लागली. तिच्यामागे तिच्या वडिलांनी छापताना काही भाग गाळला. लपलेल्या घरात ती परीकथाही लिहीत होती, हे फार जणांना माहीत नसतं. मला तिच्या पुनर्लेखनाबद्दल तक्रार नाही. आपली गोष्ट आपणच बदलणं आणि दुसऱ्यानं ती बदलणं यात फरक आहे.

आता कादंबरी. आपल्या चळवळीत हमीद दलवाईंचं नाव आपण भाषणात घेतो, पण १९६५ ची ‘इंधन’ किती जणांनी पुरी वाचली आहे? मी ती पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी वाचली आणि मला राग आला होता. पंधरा वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला हा आजारी, सुधारक विचारांचा निवेदक मला निष्कलंक हवा होता. तो तसा नाही. गावात जे पेटतं त्यापासून तोही अलिप्त नाही. आज वाटतं, दलवाईंचं मोठेपण तिथेच आहे. आपल्या मताच्या माणसाला त्यांनी सोडलं नाही. सुधारकानं लिहिलेल्या कादंबरीत सुधारक चुकतो, हे धैर्य मला त्यांच्या अनेक लेखांपेक्षा जास्त वाटतं.

हे मला उशिरा कळलं, आणि एका चुकीनंतर कळलं. तेच सांगायला खरं तर आलो आहे.

माझ्या खालाला तिच्या नवऱ्यानं पत्रानं तलाक दिला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी भारावून तिच्यावर एक कथा लिहिली आणि एका दिवाळी अंकाला दिली. नाव बदललं होतं. कथेत ती पत्र हातात घेऊन दारात कोसळते, रात्रभर रडते, आणि शेवटी शिकलेला भाचा तिला उभं करतो. लोकांनी कौतुक केलं. मी अंक तिला नेऊन दिला. तिनं शांतपणे वाचला आणि म्हणाली, “त्या दिवशी मी रडले नव्हते. दोन ब्लाऊज द्यायचे होते संध्याकाळी.”

मग तिनं कपाटातून वही काढली. शिवणाच्या हिशोबाची वही. त्या तारखेला लिहिलं होतं: ब्लाऊज २, फॉल १, पत्र आले, दुधाचे द्यायचे. बस. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज ३. मी चार पानं जे रचलं त्यापेक्षा त्या ‘ब्लाऊज ३’ मध्ये जास्त होतं. आणि भाचा? तेव्हा मी आठवीत होतो. माझी फी तिच्या शिवणाच्या पैशातून गेली होती. तीही त्याच वहीत आहे, तारखेसकट.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “लिहिलंस ते चांगलं आहे रे, पण ती मी नाही.”

१८ एप्रिल १९६६ चा मुंबईतला मोर्चा आपण दर वर्षी आठवतो. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व याविरुद्ध सात मुस्लिम महिला चालल्या होत्या. त्या सातही जणींची नावं न अडखळता सांगू शकेल त्यानं हात वर करावा. माझाही हात खालीच आहे. मेहरुन्निसा दलवाईंनी ‘मी भरून पावले आहे’ लिहिलं म्हणून त्यांचं आयुष्य आपल्याला त्यांच्या तोंडून कळतं. आपल्या केंद्रात सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांची हकिगत मात्र आपण अहवालात लिहितो, ‘एक पीडित महिला’ म्हणून. नाव लपवणं गरजेचं असतं, ते मान्य. पण मजकूर लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवायला काय हरकत आहे? तिनं ‘हे असं नव्हतं’ म्हटलं तर ती ओळ खोडायची.

सध्या रविवारी दुपारी मी खालाकडे बसतो. ती वही वाचते, मी टाइप करतो. मध्येच थांबून ती एखाद्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगते आणि लगेच म्हणते, “हे नको घालूस.” मी घालत नाही. सहा महिन्यांत आम्ही दीड वर्षाचा हिशोब संपवला आहे. पत्राच्या तारखेपर्यंत अजून पोचलो नाही. तिथे काय लिहायचं ते ती ठरवेल.