तिजोरीची किल्ली आणि पासवर्ड
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



बँकेतला माणूस बोलायला उभा राहिला की व्याजदरावरच बोलणार, असे तुम्हाला वाटले असेल. आज विषय पासवर्डचा आहे.

आमच्या वेळी तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असायच्या. एकट्याच्या किल्लीने ती उघडत नसे. डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवायच्या. आता प्रत्येकाच्या खिशात एक शाखा आहे, आणि तिची किल्ली काय, तर नातवाचे नाव आणि जन्मसाल! वाढदिवसाच्या फोटोखाली हे आपण आधीच सगळ्या जगाला सांगून ठेवलेले असते.

मग चांगला पासवर्ड कोणता? लांब असलेला. नुसती इंग्रजी छोटी अक्षरे घेतली, तरी आठाची बारा केल्यावर शक्यता ४,५६,९७६ पट वाढतात. चार असंबद्ध शब्द घ्या. कुकर, गोदावरी, छत्री, सुपारी असे इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. (हे चार घेऊ नका, आता ते सगळ्यांना कळले!) आकडा, चिन्ह मागितले तर शेवटी जोडा. आकडे, चिन्हे आणि वरचेवर बदल हा सल्ला अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी संस्थेसाठी २००३ मध्ये बिल बर यांनी लिहिला होता. २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला.

एकच पासवर्ड सगळीकडे नको. एखाद्या खरेदीच्या साइटवरून तो फुटला, की चोर तोच तुमच्या ईमेलला लावून बघतो. ईमेल सर्वांत महत्त्वाचा, कारण बाकीच्या बऱ्याच खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येते. त्याला वेगळा पासवर्ड द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

"वहीत लिहून ठेवू का?" असे वहिनी लोक हळूच विचारतात. माझे मत, ठेवा. कपाटात कुलूपबंद असलेली वही परदेशात बसलेल्या चोराला दिसत नाही. मात्र बँकेचा पासवर्ड, एटीएम आणि यूपीआयचा पिन डोक्यातच ठेवा.

आता जरा अवघड बोलतो. कर्ता माणूस अचानक गेला, की खाती कोणत्या बँकेत, पॉलिसी कुठली, विजेचे बिल कोणत्या ईमेलवर येते, हे बायकोला ठाऊक नसते. अशा दोन घरांत मी जुनी पासबुके घेऊन बसलो आहे. दुःख बाजूला ठेवून त्या माउलीला कागद शोधावे लागतात. म्हणून खात्यांची यादी करा, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी नोंदवा आणि यादी कुठे आहे ते घरात सांगा. गेलेल्या माणसाचा पासवर्ड वापरून पैसे काढणे हा मार्ग नव्हे. नॉमिनीने बँकेत रीतसर अर्ज करायचा.

आणि ओटीपी कोणालाही, अगदी मॅनेजर म्हणवणाऱ्यालासुद्धा, सांगू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार आपणच गुप्त माहिती दिली, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून पैसे गेले की लाजत बसू नका; लगेच बँकेला आणि १९३० या नंबरवर फोन करा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो आहे. मोबाइल आणि चष्मा घेऊन या. पासवर्ड तुम्हीच टाइप करायचा, मी तोंड फिरवून बसेन.