समुद्रावरचें बिऱ्हाड

शिडाच्या नौकेंत संसार थाटून उष्ण कटिबंधांतील बेटें पाहत हिंडावें, हें स्वप्न मोठें रम्य आहे. पण या बिऱ्हाडाचा खरा यजमान वारा असतो.

इंग्लंडमध्यें शेती करणारा डूगल रॉबर्टसन हा पूर्वी व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. शेत विकून जानेवारी १९७१ मध्यें त्यानें पत्नी लिन व मुलें यांच्यासह ‘ल्यूसेट’ या ४३ फुटी नौकेंतून प्रयाण केलें. कॅरिबियन बेटें झालीं, पनामाचा कालवा झाला, गालापागोस बेटेंहि मागें पडलीं. १५ जून १९७२ रोजीं पॅसिफिक महासागरांत शिकारी देवमाशांच्या धडकांनीं नौकेचा तळ फुटला आणि कांहीं मिनिटांत ती बुडाली. पतिपत्नी, तीन मुलगे व वाटेंत सामील झालेला एक तरुण, असे सहा जण एक तराफा व एक लहान होडी यांवर उरले.

गालापागोस सर्वांत जवळ. पण वारा व प्रवाह दोन्ही प्रतिकूल! तेव्हां रॉबर्टसननें उत्तरेकडील निर्वात पट्ट्याची वाट धरली. जमीन तेथें नव्हती. पाऊस मात्र होता. सतरा दिवसांनीं तराफा निकामी झाला व सहाहि जण होडींत आले. कासवांचें मांस व रक्त हें मुख्य अन्न. होडींतील घाण झालेलें पाणी पिववेना, तेव्हां परिचारिका असलेल्या लिननें तें बस्तीनें शरीरांत पोहोंचविलें. अडतिसाव्या दिवशीं जपानी मच्छीमारांनीं त्यांना वर घेतलें. सहाहि जण जिवंत होते.

बेटांचें स्वप्न पाहणाऱ्यानें किनाऱ्यांच्या आधीं वारा व पाऊस यांचा नकाशा अभ्यासावा, तो याचसाठीं.