ड्यूटीच्या कागदावाचून ड्यूटी

(१२ मे, परिचारिका दिनानिमित्त भुसावळ येथे भरलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण.)



मी फार शिकलेला नाही. दहावी झालो आणि वडिलांच्या पश्चात कॅरेज-वॅगनमध्ये खलाशी म्हणून लागलो. वैद्यकातले मला काही कळत नाही. हजेरी, ड्यूटी आणि भरपाई या तीन गोष्टींतले थोडेफार कळते, कारण युनियनमध्ये आयुष्य त्यातच गेले. तेव्हा आज तेवढ्याच अंगाने बोलणार आहे.

मघाशी दोन वक्त्यांनी परिचारिकेला देवी म्हटले. मला देवी हा शब्द ऐकला की धास्ती वाटते. देवीला पगार द्यावा लागत नाही, रजाही द्यावी लागत नाही. करोनाच्या साथीत हेच झाले. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, खोटे कशाला सांगू? ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुले टाकली गेली. ज्यांच्यावर ती फुले पडली, त्यांचे नाव निदान दवाखान्याच्या मस्टरवर होते. मी ज्या मुलींविषयी बोलणार आहे त्यांचे नाव फक्त कॉलेजच्या मस्टरवर होते. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी २०२० साली जी.एन.एम.च्या शेवटच्या वर्षाला होती. भाऊ ट्रॅकवर आहे, आपण अजून गँगमनच म्हणतो. कॉलेज खासगी. त्याचे नाव घेत नाही, कारण एकट्या त्या कॉलेजशी माझे भांडण नाही.

नर्सिंगच्या अभ्यासात कम्युनिटी पोस्टिंग असते. मुली प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून गावात जातात, घरोघर भेटी देतात, कुटुंबाची नोंद ठेवतात. त्यांच्याजवळ एक बॅग असते. कुणाच्या घरी गेल्यावर आधी वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच ती उघडायची. हा क्रम परीक्षेत विचारतात. पुतणीने तो पाठ केला होता. आणि प्रत्यक्ष गावात गेली तेव्हा कुणी उंबरठ्याच्या आत घेईना.

राज्य सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली. एका पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, रोज साधारण ५० घरे. प्रत्येकाचा ताप पाहायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, साखर-रक्तदाबाचा आजार आहे का ते विचारून लिहायचे. तिच्या कॉलेजने शेवटच्या वर्षाच्या मुली या कामाला दिल्या. अभ्यासाच्या कागदावर ते कम्युनिटी पोस्टिंग आणि पथकाच्या कागदावर स्वयंसेवक. मुलगी एकच.

तिने घरी येऊन सांगितलेल्या गोष्टी मी विसरलेलो नाही. ती मला मोठे बाबा म्हणते. म्हणाली, “मोठे बाबा, लोक आजाराला भीत नाहीत, आम्हाला भितात.” पथक गल्लीत शिरले की दारे लागत. “आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, पुढे जा.” आकडा कमी आला की गाडी येणार, माणूस नेणार, घराला पट्टी लावणार आणि नेलेला माणूस परत येतो की नाही कोण जाणे, अशी ती भीती. पहिले दोन दिवस मुलींनी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवसापासून त्या शहाण्या झाल्या. ओट्यावर उभे राहून आधी कापसाची, म्हशीची, माहेरची चौकशी करायची आणि यंत्र सगळ्यात शेवटी काढायचे. नखाला पॉलिश असले तर आकडा चुकू शकतो, हात गार असले तरी चुकतो, हे पुस्तकात एका ओळीत होते. ओट्यावर ते रोज कामाला आले.

एका घरी एक म्हातारबाबा बाजेवर बसून बिडी ओढत होते. बोटाला यंत्र लावले तर ८४. मोहिमेच्या सूचनेप्रमाणे ९५ च्या खाली गेला की दवाखान्यात पाठवायचे. हिला वाटले यंत्र बिघडले. स्वतःच्या बोटाला लावले, ९८. पुन्हा बाबांना लावले, ८४. बाबा म्हणतात, “मला काय झालंय? सकाळी शेतात जाऊन आलो.” हा आजार असा फसवा होता. शेवटी गावच्या आशाताईने त्यांच्या थोरल्या सुनेला मधे घातले आणि बाबा गाडीत बसले. पंधरा दिवसांनी चालत घरी आले. पुतणी म्हणते, तीन वर्षांत वॉर्डात जेवढे शिकले नाही तेवढे त्या दिवशी शिकले. ते खरेच असणार. शिक्षण झाले नाही असे माझे म्हणणेच नाही.

टपालवाल्या मित्रांना हा उंबरठा चांगला ठाऊक आहे. टाळेबंदीत तुम्ही औषधाची पार्सले पोचवलीत, दारात बोटाचा ठसा घेऊन लोकांच्या खात्यातले पैसे हातात दिलेत. आम्ही रेल्वेवाल्यांनी डब्यांतले मधले बर्थ काढले, एका संडासाची न्हाणी केली, खिडक्यांना मच्छरजाळ्या लावल्या. देशभर पाच हजारांवर डबे असे तयार झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये नंदुरबार स्थानकात ते रुग्णांसाठी उभे राहिले. पण तुम्ही आणि आम्ही हे केले ते ड्यूटी म्हणून. टपाल खात्याने एप्रिल २०२० मध्येच जाहीर केले की करोनाने कर्मचारी दगावला तर कुटुंबाला १० लाख, आणि त्यात ‘ग्रामीण डाक सेवकांसह’ हे शब्द लिहिले. ते शब्द नसते तर काय झाले असते, हे इथे बसलेल्या डाक सेवकांना विचारा.

आता पुढचे ऐका. मुलींना आठवड्याला दोन मास्क मिळत, धुऊन वापरायचे. सॅनिटायझर स्वतःचे. नियमाने दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हवी. त्या फोनवर होत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुतणीला ताप भरला. तपासणी झाली, करोना निघाला. ती ज्या खोलीत भाड्याने राहत होती, त्या घरमालकिणीने सामान अंगणात ठेवले. त्या बाईंनाही मी फार दोष देत नाही, त्यांच्या घरात दम्याचा माणूस होता. सतरा दिवस पोर आजारी. भावाने सोसायटीचे कर्ज काढले.

आम्ही दोघे कॉलेजात गेलो. विचारले, उपचाराच्या खर्चाचे काय? उत्तर मिळाले की हे शैक्षणिक पोस्टिंग होते, ड्यूटी नव्हती, आणि आजार घरूनही लागला असेल. ठीक. मग काही दिवसांनी निरोप आला की प्रात्यक्षिकाची हजेरी कमी पडते आहे. परीक्षेला ८० टक्के चालते, पण प्रमाणपत्रासाठी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. म्हणजे ज्या कामाने ती आजारी पडली, त्याच कामाचे दिवस आजारपणामुळे बुडाले म्हणून तिला पुन्हा भरून द्यावे लागले. तेवढ्या दिवसांचे जेवणाचे आणि खोलीचे पैसेही भावानेच भरले.

मित्रहो, आपल्यापैकी कुणाचे बोट कपलिंगमध्ये चेचले तर आपण आधी काय करतो? ‘हर्ट ऑन ड्यूटी’ लिहून घेतो. सुपरवायझर लिहीत नसेल तर चार माणसे घेऊन जातो आणि लिहून घेतो. त्यावर रजा, पगार, भरपाई सगळे ठरते. वर्कशॉपमधला अ‍ॅप्रेंटिस पोरगा घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात साफ लिहिले आहे की तो शिकणारा आहे, कामगार नव्हे. तरी त्याच कायद्यात हेही आहे की शिकताना त्याला अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची, आणि कारखान्यातल्या सुरक्षिततेचे नियम त्याला कामगारासारखेच लागू. कायदेमंडळाला १९६१ साली कळले होते की शिकणाऱ्याचाही हात यंत्रात सापडतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा असा करारच नसतो. तिचे पोस्टिंग म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग, आणि विषय संपला.

कुणी म्हणेल, ५० लाखांचा विमा होता. होता. केंद्र सरकारने ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तो लागू केला, आणि शासनाने मागवून घेतलेले कंत्राटी, रोजंदारीचे, स्वयंसेवकसुद्धा त्यात येत होते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तो मृत्यूचा विमा होता. आजारी पडून वाचलेल्याला त्यातून एक पैसा नव्हता. दुसरी, दाव्याला संस्थेचा दाखला लागे की या व्यक्तीला करोनाच्या कामावर नेमले होते. आमच्या मुलीजवळ तसा एक चिठोरा नव्हता. तोंडी सांगितले, व्हॉट्सअ‍ॅपवर गावांची यादी आली, आणि मुली गेल्या. तिचे काही बरेवाईट झाले असते तर भाऊ कोणता कागद घेऊन उभा राहिला असता? ३ मे २०२१ ला केंद्राने जाहीर केले की करोनाच्या कामाचे १०० दिवस भरणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य. तिथेही दिवस मोजायला कागदच लागतो.

आणि गंमत पाहा. १६ जानेवारी २०२१ ला लस आली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या वर्गवारीत नर्सिंगचे विद्यार्थीही होते. लस टोचताना आरोग्य कर्मचारी, आजारी पडल्यावर विद्यार्थिनी!

आशाताईंचे तसेच आहे. त्यांना स्वयंसेविका म्हणतात. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला तेव्हा कुठे मानधन वाढले. विद्यार्थिनी संप करू शकत नाही, तिचे गुण कॉलेजच्या हातात असतात. म्हणून तिच्या वतीने आईबापांनी आणि आपण बोलायचे.

शाखेने एक अर्ज तयार केला आहे. मुलगी पोस्टिंगवर जाण्यापूर्वी पालकाने तो कॉलेजला द्यायचा आणि पोच घ्यायची. मागणी मोठी नाही. कुठे, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली पाठवता ते लेखी द्या. साधने कोण देणार ते लिहा. साथीच्या कामावर असेल तर तसा स्पष्ट शब्द घाला. पोस्टिंगवर आजार किंवा अपघात झाला तर उपचाराचा खर्च तुमचा, आणि ते दिवस हजेरीतून कापायचे नाहीत. कॉलेज नाही म्हणाले तर ते नाही लेखी मागा. तोही आपल्या कामाचाच कागद आहे. फेडरेशनच्या अधिवेशनात याच आशयाचा ठराव आपली शाखा मांडणार आहे. खंडवा, बऱ्हाणपूरच्या साथींनी तिकडच्या कॉलेजांची माहिती आणून द्यावी, कारण नियम देशाचा बदलायचा आहे, एका जिल्ह्याचा नाही.

अर्ज चहाच्या टेबलाजवळ ठेवले आहेत, मराठी आणि हिंदी दोन्हीत. ज्यांच्या मुली किंवा मुलगे नर्सिंगला आहेत त्यांनी जाताना नाव, कॉलेज आणि वर्ष वहीत लिहून जावे. पुतणी आज येणार होती, पण तिची दुपारची ड्यूटी लागली. प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, कंत्राटावर. त्या कंत्राटाविषयी बोलायला मला पुढच्या सभेत वेळ द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो.