तिरप्या वाघिणी



मालगाडीचा विचार मनात आला की आपले लक्ष साहजिकच मालाच्या वजनाकडे जाते. परंतु वाघिणी भरण्याची जबाबदारी ज्यांच्या शिरावर असते, त्यांना कित्येकदा वजनापेक्षा रुंदीचीच चिंता अधिक असते. माल जड असेल तर चाके वाढवून भार विभागता येतो. माल रुंद असेल तर बोगद्याच्या भिंती मागे सरत नाहीत. पोलादी प्लेटांच्या वाहतुकीत हा पेच ब्रिटनमधील रेल्वेने कसा सोडविला, हे आज मला सांगावयाचे आहे.

आगगाडीचा उदय त्या देशात झाला, आणि म्हणूनच तेथील पूल, बोगदे व फलाट प्रारंभीच्या लहान गाड्यांच्या मापाबरहुकूम बांधले गेले. रुळांमधील अंतर 4 फूट 8½ इंच आणि मालासकट गाडीला मिळणारी रुंदी सुमारे 9 फूट, ही मर्यादा पुढील पिढ्यांना वारशाने मिळाली. इकडे क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांना मात्र उत्तरोत्तर रुंद प्लेटा हव्या होत्या. कारण प्लेट जितकी रुंद तितके जहाजाच्या कवचातील सांधे कमी, आणि प्रत्येक सांधा म्हणजे रिव्हेटांची एक रांग, मजुरांचे श्रम आणि पाणी झिरपण्याची एक जागा. ही प्लेट वाटेसाठी चिरावी, तर ती रुंद लाटण्याचा हेतूच व्यर्थ होतो.

तेव्हा अभियंत्यांनी भूमितीचा आश्रय घेतला. 12 फूट रुंदीची प्लेट 45 अंशांत कलती ठेवली, तर ती आडवी जागा अवघी साडेआठ फूट व्यापते. उरलेला विस्तार उंचीत जातो. परंतु गाडीवरील मोकळ्या जागेची कमान माथ्याकडे दोन्ही बाजूंनी निमुळती होत असल्यामुळे प्लेटेची वरची कड नेमकी तेथेच अडण्याचा संभव असतो. म्हणून अशा पुष्कळशा वाघिणींचा मधला भाग चाकांच्या दरम्यान खाली उतरविलेला असे, आणि त्यावर प्लेटांना टेकण्यासाठी भक्कम तिरप्या चौकटी उभारलेल्या असत.

एक इंच जाड, 40 फूट लांब व 12 फूट रुंद अशी एकच प्लेट जवळजवळ पावणेनऊ टन भरते. अशा अनेक प्लेटा एकावर एक कलत्या रचावयाच्या, म्हणजे त्यांची खालची कड घट्ट आधारावर बसली पाहिजे, खाली लाकडी ठोकळे हवेत, वरून साखळदंड स्क्रूने आवळले पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण राशीचा गुरुत्वमध्य रुळांच्या मध्यरेषेवर राहिला पाहिजे. तो ढळला, तर एका बाजूच्या चाकांवर अधिक भार येऊन वळणावर अनर्थ ओढवेल. भरलेली वाघीण मालधक्क्यातून निघण्यापूर्वी खांबाला टांगलेल्या एका लोखंडी कमानीखालून नेत. माल त्या कमानीला लागला, तर पुढे जाण्याची मुभा नसे.

आपल्याकडील 5 फूट 6 इंचांच्या मार्गावर गाडीला सुमारे 10 फूट 8 इंच रुंदी मिळते, त्यामुळे ब्रिटनमध्ये जी 10 फुटी प्लेट कलती करावी लागते ती येथे सपाट निजवून नेता येते. भिलाई व राउरकेला येथे प्लेटा लाटाव्यात आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये जहाज उभे राहावे, या दोहोंमधील अंतर या रुंदीच्या आधाराने तोडावयाचे असते. तथापि ही रुंदीदेखील अमर्याद नाही. प्लेटा लाटण्याच्या गिरणीचे माप ठरविणाऱ्यांनी रुळांवरील वाटेचे माप त्याच बैठकीत समोर ठेवावे, आणि वाघिणींचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याला त्या बैठकीत प्रथमपासून स्थान द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण जे पोलाद वापराच्या ठिकाणी अखंड पोहोचू शकत नाही, ते कितीही उत्तम लाटले गेले असले तरी राष्ट्राच्या उपयोगी पडत नाही.