अठ्ठेचाळीस गुणांचा संघ
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं, "अमेरिकेतलं काहीतरी सांग, पण नोकरीचं नको!" म्हणून मी राहतो त्या डेन्व्हर शहरातल्या बर्फावरच्या हॉकीबद्दल बोलतो. पायात पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची चकती, एवढा फरक सोडला तर हरणं-जिंकणं आपल्यासारखंच.

डेन्व्हरचा व्यावसायिक संघ म्हणजे कोलोराडो ॲव्हलांच. या खेळातला सर्वोच्च मान असलेला स्टॅनली कप त्यांनी 1996 आणि 2001 मध्ये जिंकला. पुढे उतरती कळा लागली. 2016-17 च्या मोसमात 82 सामन्यांत फक्त 22 विजय, 48 गुण आणि तीस संघांत शेवटचा नंबर.

व्यवस्थापक होते जो सॅकिक, दोन्ही विजयांच्या वेळचे कप्तान. प्रशिक्षक जॅरेड बेडनार यांचं ते पहिलंच वर्ष. असा निकाल लागल्यावर प्रशिक्षकाला घरी पाठवतात. सॅकिक यांनी त्यांना ठेवलं.

या लीगमध्ये दरवर्षी अठराच्या आसपासची मुलं निवडतात. तळाच्या संघाला आधी संधी मिळण्याची शक्यता जास्त, पण शेवटी सोडत असते. कोलोराडोच्या वाट्याला चौथा क्रमांक आला. त्यावर त्यांनी केल मकार हा मुलगा घेतला. तो पुढची दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातच शिकत-खेळत राहिला आणि संघानं वाट पाहिली. एप्रिल 2019 मध्ये विद्यापीठाचा अंतिम सामना खेळून दोनच दिवसांनी तो कोलोराडोकडून उतरला आणि पदार्पणातच गोल केला.

नेथन मॅकिनन तर 2013 चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. त्या पडत्या वर्षात त्याचे गोल होते 16. पुढच्या वर्षी, म्हणजे पाचव्या मोसमात, झाले 39. चौथ्या वर्षी कंटाळून त्याला सोडलं असतं, तर ते 39 दुसऱ्याच गावाला दिसले असते.

मॅट ड्युशेन या चांगल्या खेळाडूला संघ सोडायचा होता. सॅकिक यांनी घाईनं सौदा केला नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच्या बदल्यात तरुण खेळाडू आणि पुढच्या निवडीचे हक्क घेतले. त्यातल्याच एका हक्कातून 2019 मध्ये बोवेन बायरम मिळाला.

तरी यश लगेच आलं नाही. 2019, 2020, 2021, तिन्ही वर्षी बाद सामन्यांच्या दुसऱ्या फेरीत हार. अखेर 26 जून 2022 रोजी टॅम्पा बे संघाला हरवून कप डेन्व्हरला आला. प्रशिक्षक तेच बेडनार. बायरम तेव्हा 21 वर्षांचा होता आणि बाद सामन्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला मकार.

खरं सांगायचं तर सगळं घरच्या मुलांनीच केलं असं नाही. निर्णायक गोल मारला तो त्याच वर्षी बाहेरून आणलेल्या लेहकोनेननं. पण पाया आधी तयार होता, म्हणून बाहेरच्याचा उपयोग झाला.

गुरुजनहो, हे तुम्हाला नवीन नाही. आठवीत काठावर पास होणाऱ्यांना तुम्ही दहावीपर्यंत सांभाळलंत. त्यातले कितीतरी आज या मांडवात बसलेत.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीनं जमवलेल्या निधीचं काय करायचं, ते आज ठरणार आहे. प्रवेशद्वाराची कमान सुचवली गेली आहे. कमान छान दिसेल. पण माझं मत असं, की आठवीतली काही मुलं-मुली निवडावीत आणि बारावीपर्यंत, सलग पाच वर्षं, त्याच मुलांच्या फी, पुस्तकं आणि खेळाचा खर्च उचलावा. मधल्या एखाद्या वर्षी गुण घसरले तरी हात काढून घेऊ नये. पहिली दोन-तीन वर्षं दाखवण्यासारखं काही नसेल. त्याची तयारी असेल तरच हात वर करा. माझा वर आहे.